अब्बांची देग, धाकट्याची कढई

आमच्या घरात शेवया विकत आणायची पद्धत नव्हती. उन्हाळ्यात वाळवणाचे दिवस आले की दादी खपली गव्हाचं पीठ भिजवून, मळून, तेलाचा हात लावून ठेवायची. मग पाटावर पीठ वळायचं, ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं. करता करता त्याचे केसासारखे तार निघत. ते काठीवर टाकून सावलीत वाळवायचे आणि डब्यात भरून ईदपर्यंत जपायचे. आम्ही भावंडं काठीखाली पडलेले तुकडे वेचून खात असू. शीरखुर्मा ही आमच्या लेखी जगातली शेवयांची एकमेव गती होती.

त्यामुळे १९९८ साली धाकट्यानं खासबागेच्या खाऊ गल्लीतून पहिल्यांदा नूडल्सचं पार्सल आणलं आणि दादीसमोर सोडलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोबी, गाजर, सिमला मिरची आणि काळपट रस्सा माखलेल्या त्या लांबलचक तारा तिनं बोटानं उचलल्या आणि म्हणाली, "क्या रे ये? सेवयाँ में कांदा-मिरची डाल्या? खुदा का खौफ कर!"

आम्ही हसलो. पण दादीनं एका नजरेत जे ओळखलं होतं ते आम्हाला उमगायला पुढं वीस वर्षं लागली.

इथं एक सांगायला हवं. लिहिणारा हात मधल्याचा, म्हणजे शाळामास्तराचा असला तरी सांगणारे आम्ही सगळेच आहोत. थोरला एस.टी.तून निवृत्त झालेला, आपा रत्नागिरीला दिलेली, मधला मास्तर आणि धाकटा गाडीवाला. या गोष्टीत प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा आहे, आणि थोडी थोडी चूकही.

आमचे अब्बा बावर्ची. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत, गडहिंग्लजपासून इचलकरंजीपर्यंत, लग्नाच्या देगा त्यांनी चढवल्या. शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०६ साली उभ्या राहिलेल्या मुस्लिम बोर्डिंगमधल्या कितीतरी कार्यक्रमांचा खाना त्यांच्या हातचा. हजार माणसांच्या बिर्याणीचं मीठ ते वासावर सांगत. दमावर त्यांचा भारी विश्वास. देगीचं तोंड कणकेनं बंद करायचं, वर निखारे ठेवायचे, खालची लाकडं ओढून घ्यायची आणि बाजूला बसून राहायचं. "आग को नै, सबर को पकाने देव," असं ते म्हणत.

अशा माणसाच्या पोरानं १९९९ साली चायनीजची गाडी टाकली.

आधी वर्षभर तो एका नेपाळी कारागिराच्या हाताखाली राबला. भाज्या चिरल्या, भांडी घासली, मग कढईपाशी उभा राहायला मिळालं. स्वतःची गाडी घेतली तेव्हा रंगाऱ्याकडून पाटी काढून घेतली. तांबड्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत 'चायनीज' आणि दोन्ही बाजूंना जिभा काढलेले ड्रॅगन. ड्रॅगन रंगाऱ्यानं मनानं काढले होते आणि ते थोडे मगरीसारखे दिसत. अब्बा एकदाच गाडीपाशी आले. पाच मिनिटं उभे राहिले. धाकट्यानं भट्टीचा भोंगा सोडला, कढईतून जाळ वर उसळला, दोन मिनिटांत प्लेट तयार. अब्बा घरी आले आणि म्हणाले, "ये पकाना नै. ये घाई है." वर आणखी एक टोला. इल्मसाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, असं एक वचन आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी असतं. जाणकार त्याची सनद कमजोर मानतात, पण वचन लोकप्रिय आहे. अब्बा म्हणाले, "इल्म के वास्ते चीन जाव बोले. नूडल के वास्ते नै बोले."

त्यानंतर अब्बांनी गाडीचं अन्न तोंडाला लावलं नाही. रागावले असंही नाही. धाकट्याच्या कमाईतून घराचा पत्रा जाऊन स्लॅब पडला, अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते सगळं त्यांनी मान्य केलं. फक्त जेवले नाहीत. यात आमचीही चूक अशी, की आम्ही त्यांना कधी नीट सांगितलंच नाही की त्या कढईमागं काय आहे. आम्हालाच ठाऊक नव्हतं.

वास्तविक ती घाई वरवरची. गाडी संध्याकाळी सहाला लागते, पण काम सकाळी दहाला सुरू होतं. तांदूळ थोडा कच्चट ठेवून उकडायचा, चाळणीवर निथळायचा, तेलाचा हात फिरवून परातीत पसरून गार करायचा. गरम भात कढईत टाकला तर गोळा होतो. गार झालेला दाणा सुटा राहतो. नूडल्सचंही तसंच. कोबी उभा, पातळ चिरायचा, म्हणजे मोठ्या आचेवर त्याचं पाणी सुटायच्या आत तो शिजतो आणि करकरीत राहतो. कोंबडीच्या हाडांचं पाणी बाजूच्या पातेल्यात मंद उकळत असतं. त्यातूनच मंचाव सूप आणि ग्रेव्ही. शेवटी कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून सोडलं की रस्सा चकाकतो. शेजवान चटणीसाठी धाकटा ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची रात्रभर भिजवतो, वाटतो, आणि लसणासोबत तेल सुटेपर्यंत परततो. ती चटणी परतायला पाऊण तास लागतो. अब्बांनी तो पाऊण तास पाहिला नव्हता, शेवटची दोन मिनिटं पाहिली होती.

चटणीत सोया सॉस आणि सिरका पडतो. सिरक्याबद्दल एका नमाजी गिऱ्हाइकानं शंका काढली तेव्हा आम्ही मौलानांना विचारलं. ते हसून म्हणाले की, सिरक्याला तर हदीसमध्ये उत्तम सालन म्हटलं आहे. कोंबडी पहिल्या दिवसापासून हलाल. पण तसं पाटीवर लिहायचं की नाही यावर आमच्यात दोन तट. थोरला म्हणे लिहावं, धाकटा म्हणे विचारणाऱ्याला सांगतोच की. आपल्या गावगाड्यात बकरं कापायला मुलाण्यालाच बोलवायची रीत होती, गावजत्रेचं मटण सगळी आळी खायची, आणि कुणी पाटी मागत नव्हतं. धाकट्याचं म्हणणं आम्ही मान्य केलं. श्रावणात तो वेगळी कढई आणि वेगळा झारा ठेवतो, नवरात्रात दोन दिवस फक्त व्हेज. त्याचीही पाटी नाही. गिऱ्हाइकांना माहीत असतं.

आता हे 'चायनीज' खरं कुठलं, हा प्रश्न मधल्याला पडला. मास्तर असल्यामुळं तो पुस्तकं धुंडाळू लागला, आणि निघालं ते असं.

मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश. पण तिथं गेलात तर मंचुरियन नावाचं कोबीचे गोळे घातलेलं कालवण तुम्हाला कुणी देणार नाही. त्याची जन्मकथा मुंबईची सांगतात. नेल्सन वँग हे कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कुणी नवं काही मागितलं म्हणून त्यांनी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळले. आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपल्याकडची फोडणी केली, आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. झालं चिकन मंचुरियन. चायनीज भेळ तर सरळसरळ आपली. 'शेजवान' हा सिचुआन प्रांताच्या नावाचा उच्चार बदलत बदलत झालेला शब्द. आणि आजिनोमोटो, ज्याच्या नावानं गिऱ्हाइकं घाबरतात, ते चिनीसुद्धा नव्हे, जपानी. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून ती चव वेगळी काढली.

चीनमध्ये स्वयंपाकाच्या आठ मोठ्या परंपरा मानतात. कँटोनी वाफाळलेला मासा वेगळा, शांतुंगचं सूप वेगळं, सिचुआनचं झणझणीत वेगळं. त्यांच्या मिरचीचंही आपल्यासारखंच आहे. मिरची मूळची अमेरिकेची. आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, आणि चीनमध्येही त्याच शतकाच्या शेवटी शेवटी. म्हणजे कोल्हापूर आणि सिचुआन, दोघंही ज्या तिखटाचा अभिमान बाळगतात ते दोघांनाही बाहेरून मिळालेलं.

आणि चीन आमच्या घरात धाकट्याच्या गाडीवरून आला असंही नाही. दादीचं लोणचं ज्या बरणीत असायचं ती चिनी मातीची. सकाळी पहिला घोट घ्यायचा तो चहा, मूळ शब्दासकट तिकडचा. आमच्या दखनीत साखरेला 'चिनी' म्हणतात. बंगालमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अच्यू नावाच्या एका चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळाली, त्यानं तिथं साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाचं अचीपूर आजही आहे. त्याच्या मागून कलकत्त्यात चिनी सुतार आले, चांभार आले, दातांचे डॉक्टर आले. 'हाक्का' लोकांनी टांगरा भागात कातडी कमावण्याचा धंदा केला, कारण ज्या कामाला इतर हात लावत नव्हते ते रिकामं होतं. कोल्हापुरी चपलेच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढं १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या भट्ट्या शहराबाहेर न्यायला सांगितल्या, आणि टांगऱ्यातल्या कित्येक घरांना उपाहारगृहं हाच आधार उरला. आपण गाडीवर 'हाक्का नूडल्स, हाफ' असं ओरडतो तेव्हा एका जमातीचं नाव घेत असतो.

या लोकांचं १९६२ साली काय झालं ते वाचून मात्र आम्ही बराच वेळ गप्प बसलो. चीनशी युद्ध झालं आणि आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडच्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना घरातून उचलून आगगाडीनं राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. म्हातारे, बाया, शाळेतली पोरं. त्यातली कित्येक इथंच जन्मलेली, हिंदी, आसामी, नेपाळी बोलणारी. काही जण १९६७ पर्यंत तिथंच होते. परतले तेव्हा घरं, दुकानं लिलावात गेलेली. बरेच जण मग कॅनडाला निघून गेले.

"तुम्ही मराठी छान बोलता हो," हे वाक्य या पानांच्या वाचकांपैकी कुणी ऐकलं नसेल? मधल्यानं तर ते मराठीचा तास घेऊन बाहेर पडताना ऐकलं आहे. त्यामुळं देवळीच्या छावणीतली ती पोरं कुठल्या भाषेत रडली असतील, हा प्रश्न आम्हाला परका वाटला नाही.

आता आपाच्या मुलाकडं येऊ. तो वैद्यकीय शिक्षणासाठी २०१६ साली चीनला गेला. इथल्या खासगी कॉलेजची फी परवडण्यासारखी नव्हती, म्हणून महाराष्ट्रातली शेकडो पोरं त्या काळात तिकडं जात. त्याला शीआन शहर मिळालं. आपाला एकच चिंता, पोरगं हलाल काय खाणार? पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "अम्मी, इथं मुसलमानांची एक आख्खी गल्ली आहे. मशीद आहे, तिला घुमट नाही, देवळासारखी कौलं आहेत. दुकानावर हिरवी पाटी दिसली की बिनधास्त जायचं." हुई म्हणतात त्या चिनी मुसलमानांना. त्यांच्या दुकानांवर चिनी अक्षरांत 'शुद्ध आणि खरं' अशा अर्थाचे दोन शब्द लिहिलेले असतात, तेच त्यांचं हलाल.

तिथल्या मटणाच्या पदार्थाचं त्यानं वर्णन केलं तेव्हा आम्ही फोनभोवती गोळा झालो. गिऱ्हाइकाला आधी वाडगा आणि जाड रोटी देतात. रोटी आपल्या हातानं बारीक बारीक कुस्करायची. मग तो वाडगा आत नेऊन त्यावर मटणाचा उकळता रस्सा ओततात. "म्हणजे भाकरी कुस्करून रस्सा," थोरला म्हणाला. "ह्ये तर आपलंच की!"

दुसरा पदार्थ लांचौ गावच्या नूडल्सचा. तोही हुई मुसलमानांचा, १९१५ च्या सुमारास मा बाओत्सी नावाच्या माणसानं नावारूपाला आणलेला. त्याची कसोटी ते रंगांवर सांगतात. एक, रस्सा नितळ. दोन, मुळा पांढरा. तीन, मिरचीचं तेल तांबडं. चार, कोथिंबीर हिरवी. पाच, नूडल्स पिवळ्या. तांबडा आणि पांढरा एकाच वाडग्यात! आणि नूडल्स करायच्या कशा, तर पीठ मळायचं, तेलाचा हात लावायचा, ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं. पोरानं त्याची चित्रफीत पाठवली. आम्ही ती अब्बांना दाखवली. अब्बा बराच वेळ त्या माणसाचे हात बघत राहिले आणि म्हणाले, "अम्मा के हाथ हैं ये."

दादी जाऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती.

आणखी एक गंमत. सिचुआनच्या खऱ्या जेवणात एक दाणा घालतात, त्यानं जीभ झिणझिणते. पोरगं सुट्टीत येताना तो घेऊन आलं. आपानं वास घेतला आणि सरळ डब्यातून तिरफळं काढून शेजारी ठेवली. कोकणात बांगड्याच्या सारात घालतात ती. दोन्ही एकाच जातकुळीतली झाडं. ज्या शेजवानात सिचुआनचा तो दाणा कधी पडत नाही ते आम्ही वीस वर्षं विकत होतो, आणि दाण्याचा भाऊबंद मात्र रत्नागिरीच्या डब्यात पडून होता.

२०२० च्या जानेवारीत पोरगं सुट्टीसाठी आलं ते इथंच अडकलं. करोनाची साथ. आधी चौदा दिवस खोलीत, मग मार्चपासून सगळा देशच खोलीत. शेवटचं वर्ष मोबाईलवर शिकलं. शेजारीपाजारी त्याला लांबून "चिनी डॉक्टर" म्हणत. काही थट्टेनं, काही भीतीनं. त्याच दिवसांत टाळेबंदीत मुसलमान भाजीवाल्यांबद्दल काय काय पसरवलं गेलं ते आपण सगळे जाणतो. एकाच पोरावर दोन्ही संशय बसले.

जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले. आमच्याही घरी त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. दोन दिवसांत केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर बहिष्कार घाला, असं सांगितलं. टाळेबंदीत गाडी आधीच उभी होती, आता लावायची तर पाटीचं काय? धाकट्याच्या मोबाईलवर ओळखीच्या लोकांचे निरोप येऊ लागले. कुणी काळजीनं, कुणी नुसतं विचारून ठेवत. मुंबईत घडलेला, कोल्हापुरी मिरचीनं लाल झालेला पदार्थ, बनवणारा सदर बाजारातला, खाणारा राजारामपुरीतला. आणि त्यानं आता सिद्ध करायचं की तो कुणाचा.

थोरला म्हणाला, 'भारतीय चायनीज' लिही. मधला म्हणाला, काहीच बदलू नको, डरनेकी क्या बात है. मास्तराला बोलायला काय जातं! धाकट्यानं कुणालाच विचारलं नाही. एका रात्री तांबड्या रंगाचा डबा आणला आणि पाटीवरची सगळी अक्षरं, दोन्ही ड्रॅगनसकट, पुसून टाकली. सकाळी आम्ही पाहिलं तर नुसती तांबडी पाटी. त्याच्या या कृतीला आम्ही घाबरटपणा म्हटलं. हे आमच्याकडून झालेलं दुसरं चुकलेलं माप.

तिसरी गोष्ट ७ जून २०२३ ची. मोबाईलवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून शहरात बंद पुकारला गेला. दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट तोडलं. शाहू महाराजांच्या गावात हे व्हावं याची लाज शहरातल्या पुष्कळ जणांना वाटली आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. धाकट्याची गाडी तेव्हा कुलूप लावून गल्लीत उभी होती. आमच्यापैकी कुणालाच घराबाहेर पडता येईना. काच फुटली, भट्टी मोडली, गाडी आडवी झाली. संध्याकाळी शेजारच्या पाणीपुरीवाल्याचा फोन आला, "भावा, सिलिंडर दुपारीच माझ्या घरात नेऊन ठेवलाय. काळजी करू नको. गाडीचं बघू की." त्यानं सिलिंडर काढला नसता तर त्या गल्लीचं काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो. त्या दिवशी ज्यांनी गाडी पाडली त्यांतलं कुणी कधी त्या गाडीवर जेवलं होतं का, ते धाकट्याला माहीत असावं. त्यानं आजतागायत आम्हाला सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणतो, "गिऱ्हाईक ह्ये गिऱ्हाईक असतंय."

गाडी दुरुस्त व्हायला पंधरवडा लागला. पुन्हा लावायच्या आदल्या दिवशी धाकटा अंगणात मोडकी भट्टी ठोकत बसला होता. ऐंशी ओलांडलेले अब्बा बाहेर आले, खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, "जला के दिखा." धाकट्यानं घरातली कढई ठेवली, जाळ सोडला. अब्बांनी भाताकडं बोट दाखवलं, "कित्ते बजे उबाल्या?" सकाळी अकराला, धाकटा म्हणाला. "गार कायकू किया?" धाकट्यानं सांगितलं. सुट्या दाण्याचं, कोबीच्या पाण्याचं, चटणीच्या पाऊण तासाचं. चोवीस वर्षांत न झालेलं बोलणं त्या अर्ध्या तासात झालं. एक बावर्ची दुसऱ्या बावर्चीला विचारत होता. प्लेट पुढं आली. अब्बांनी चार घास खाल्ले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नमक बराबर है." पुढं काही बोलले नाहीत. आम्ही वाट पाहत राहिलो, पण ते तेवढंच बोलले.

आपाचा मुलगा परदेशी पदवीधरांची परीक्षा पास होऊन आता कोकणात एका दवाखान्यात आहे. गेल्या ईदला आला तेव्हा त्यानं शीआनला शिकलेल्या पद्धतीनं पीठ ओढून दाखवलं. तार फार जाड निघाले. आपानं त्याला बाजूला सारलं, पीठ पुन्हा मळलं आणि दादीसारखं ओढलं. अर्ध्याचा शीरखुर्मा झाला. अर्धे तार अब्बांनी सांगितलेल्या मापाच्या यखनीत सोडले, वरून धाकट्यानं चटणीचं तांबडं तेल. त्याला काय म्हणायचं यावर बराच वाद झाला. तोवर भांडं रिकामं झालं.

पाटी अजून तशीच आहे, तांबडी आणि कोरी. काय लिहायचं यावर आमचं चौघांचं एकमत झालेलं नाही. धाकटा म्हणतो, राहू दे. संध्याकाळी सहाला भट्टी पेटते, साडेसहाला पहिलं गिऱ्हाईक उभं असतं.

"काका, एक हाफ शेजवान. तिखट जरा वाढीव घाला."